काकूला आठ पाय

"आमच्या मुलीच्या चित्रातल्या माणसांना हातपाय जास्तच असतात. तिला काही त्रास तर नसेल ना?" हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे येतच असतो. बडोद्यात तो हटकून नवरात्रानंतर येतो. चित्रकलेच्या तासाला 'माझा आवडता सण' काढायला सांगतात आणि रात्र रात्र शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, बघून आलेली पोरं कागदावर गरबा घालायला बसतात.

रेवाची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, घरचे एकदोन तपशीलही. वय सात, इयत्ता दुसरी. दांडिया बाजारच्या बाजूला राहणारं एकत्र कुटुंब: आजी, आईबाबा, काका-काकू. आईने ते चित्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं होतं, लोक एक्स-रे आणतात तसं. मधोमध एक बाई. चेहरा एक, अंबाडा एक, हात सहा. चणियाच्या घेराखाली पाय मोजले तर आठ भरले. शेजारी निळ्या स्केचपेनने गोलगोल घोटून केलेला एक गोळा. तो इतका घोटलेला, की कागद फाटायच्या बेताला आला होता. खाली लाल शेरा: 'आकृती नीट काढत नाही. एकदा दाखवून घ्यावे.'

"कुणाला दाखवायचं, ते मात्र लिहिलेलं नाही," आई म्हणाली. मग तिने स्वतःच शोध घेतला होता, म्हणजे रात्री जागून मोबाइलवर वाचलं होतं. चित्रावरून मुलांच्या मनातलं सगळं कळतं, जादा हात म्हणजे अमुक, काळा-निळा गोळा म्हणजे तमुक. नवऱ्याचं म्हणणं, आधी डोळे तपासू, पोरीला दोन-दोन दिसत असेल. सासूबाईंचं म्हणणं सगळ्यांत वेगळं होतं: "दहा हात काढले असते तर देवी म्हणून फ्रेम केली असती. चार कमी पडले म्हणून डॉक्टर?"

डोळ्यांचं आधी निकालात काढू, कारण ही शंका पुष्कळ पालकांना येते. ज्या मुलाला एकाचे दोन दिसतात, त्याला कागदावरचंही दोन-दोनच दिसणार. त्याने दोन पाय काढले की त्याला ते चार दिसतील, आणि तो तिथेच थांबेल. म्हणजे आपल्या हातात येणाऱ्या चित्रात पाय दोनच. (मूल डोकं तिरकं करून बघत असेल, एक डोळा मिटून वाचत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच. पण ते चित्रामुळे नाही.)

मला त्या कागदावर एक वेगळीच गोष्ट दिसत होती. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर आजी बसलेली होती. तिला हात दोन, पाय दोन, चष्मासुद्धा नीट. माइक धरून उभ्या असलेल्या माणसालाही दोनच पाय. जादा अवयव फक्त काकूला. म्हणजे या मुलीला माणसाला किती पाय असतात हे पक्कं माहीत होतं.

रेवाला आत बोलावलं. "हे काय काढलंयस?" असं मी मुलांना विचारत नाही, त्यांना ती परीक्षा वाटते. "यात काय चाललंय?" असं विचारलं.

"काकू गरबा करतेय."

"आणि हे हात?"

"हा टाळीच्या आधीचा. ही टाळी. हा वर गेलेला." मग सांगून भागेना म्हणून ती उठली आणि करूनच दाखवायला लागली: दोन पावलं पुढे, टाळी, गिरकी. निळा गोळा म्हणजे ती गिरकी होती.

"मग तीन काकू काढायच्यास की."

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "तीन काकू कुठेत? काकू एकच आहे."

यात सगळं आलं. तिला एकाच काकूच्या तीन-चार क्षणांना एकाच कागदात जागा द्यायची होती. ते पाय काकूचे जादा पाय नव्हतेच. तो वेळ होता, एकामागून एक गेलेला, आणि तिने तो शेजारी शेजारी मांडला होता.

मुलांची हालचाल दाखवायची रीत वयाप्रमाणे बदलते. अगदी लहान मूल सशाचं चित्र काढत नाही, सशाच्या उड्या काढतं: टक, टक, टक अशी टिंबं कागदभर मारतं, तोंडाने आवाजही करतं. तिथे पेन्सिलच ससा असते. पुढे माणसाचा एक ठरलेला साचा हाताला बसतो, गोल डोकं, चौकोनी अंग, दोन काठ्यांचे पाय. मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी साधारण सात ते नऊ हे वय या ठरीव आकृतीचं मानलं, आणि याच वयात मुलं वेगवेगळ्या वेळच्या घटना एकाच चित्रात आणतात, हेही नोंदवलं. साच्यातल्या त्या माणसाचा गुडघा वाकत नाही, कंबर वळत नाही. पण डोळ्यांनी तर नाचणारी काकू बघितलेली! मग पोरगी हाताशी आहे ते वापरते. वाकवता येत नाही, तर वाढवते.

शेऱ्यातल्या 'दाखवून घ्यावे'चं मूळ कुठे असेल याचा मला अंदाज आहे. माणसाच्या चित्रावरून मुलाचा बौद्धिक विकास जोखायची एक जुनी चाचणी आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ती १९२६ साली मांडली, आणि भारतीय मुलांसाठी तिचं रूप आपल्या बडोद्यातल्याच प्रमिला फाटक यांनी तयार केलं. चाचणी चांगलीच आहे. पण तिच्यात मुलाला ठरलेल्या शब्दांत 'माणूस काढ' म्हणून सांगतात, शिकलेली व्यक्ती ठरलेल्या नियमांनी गुण देते, आणि एवढ्या एकाच गोष्टीवरून कुठलाही निष्कर्ष काढत नाहीत. सणाच्या चित्रातले पाय मोजून कुणी हे करायला गेलं तर त्याला चाचणी म्हणत नाहीत. आणि मोबाइलवरच्या त्या 'काळा रंग म्हणजे नैराश्य' छापाच्या याद्या तर सरळ विसरून जाव्यात. मुलं काळा पुष्कळदा एवढ्यासाठी घेतात, की डब्यात तेवढाच स्केचपेन वाळलेला नसतो.

पुढच्या भेटीला बाबाही आले. गृहस्थ कारखान्यात क्वालिटीचं काम बघणारे, मुद्द्याला धरून बोलणारे. "मॅडम, आजार नाही हे पटलं. पण चूक ती चूकच ना? फोटो काढला तर पाय दोनच येतील."

मी म्हटलं, गरब्याचे फोटो असतील ना फोनमध्ये, बघू. आईने काढले. कमी उजेडात फोनचा कॅमेरा उजेड गोळा करायला जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्या वेळात नाचणारा हात जिथून जिथून गेला, तिथे तिथे उमटतो. काकूच्या बांगड्यांचा एक लांबलचक सोनेरी पट्टा झाला होता आणि पावलांच्या जागी नुसतं धुकं होतं. मागे खुर्चीवर आजी, अगदी स्वच्छ. बाबांनी फोटो मोठा करून बघितला, चित्र बघितलं, पुन्हा फोटो बघितला. आई मात्र हसली.

मग जरा गप्पा झाल्या, कारण हा विषय मला आवडतो. इटलीच्या जाकोमो बाल्ला या चित्रकाराने १९१२ साली मालकिणीबरोबर फिरायला निघालेलं कुत्रं रंगवलं. त्याच्या पायांची आणि शेपटीची मोजदाद करता येत नाही, आणि चित्र जगप्रसिद्ध आहे. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी आठ पायांचा रानगवा काढून ठेवला आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर एका जातककथेतलं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या गोष्टीतलं, हरीण एकाच गोल शिल्पात पुन्हा पुन्हा येतं: बुडणाऱ्याला वाचवताना, राजाने बाण रोखलेला असताना, राजाशी बोलताना. आजी म्हणते ती देवी आणखी वेगळी, पण आजींचंही अगदीच चुकत नव्हतं.

बाबांचा खरा प्रश्न पुढचा होता. हिला नीट काढायला शिकवायचं की नाही? शिकवायचं, पण खोडरबराने नाही. 'हे घे, असा काढतात माणूस' म्हणून मोठ्या माणसाने नमुना काढून दिला की मूल तो नमुना घोटतं, बघणं सोडतं. आणि हलणारं अंग बघणं सोपं नसतंच. धावत्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हे चित्रकारांच्याही नजरेला शेकडो वर्षं पकडता आलं नव्हतं. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, असंच बहुतेक जण रंगवायचे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

आपल्याकडे कॅमेऱ्यांची ओळ नको, 'स्टॅच्यू'चा खेळ आहे. काकू घरातच. तिने अगाशीत गरबा करायचा, रेवाने मध्येच 'स्टॅच्यू!' ओरडायचं, आणि काकू थांबली की चहूबाजूंनी बघायचं: कुठला पाय उचललेला आहे, गुडघा कुठे गेला, अंग कुठल्या बाजूला कललंय, घेर कुठे उडालाय. बघून झालं की काढायचं. काकूचे पाय दुखतात, ही तक्रार पुढे माझ्यापर्यंत आली. शिवाय जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानापानावर थोडी थोडी सरकलेली आकृती काढून पानं भराभर सोडायची, हेही सांगितलं. तो नाद बाबांनाच जास्त लागला.

उत्तरायणाच्या सुमाराला रेवाने नवं चित्र आणलं. फिरकी धरलेला काका मागे रेललेला, एक गुडघा वाकलेला, शर्ट वाऱ्याने एका बाजूला फुगलेला. पाय दोन. पतंग मात्र पाच, एकाच मांज्याला. "तो गोता खातोय," तिने सांगितलं. मी काही दुरुस्त केलं नाही.

मग काळजी कधी करायची? आधी नीट काढणारं मूल हळूहळू काढेनासं झालं, अक्षरही बिघडलं, पेन्सिल धरली की हात लगेच थकतो, तेव्हा. एकच भीतीचा प्रसंग पुन्हा पुन्हा काढतं आणि त्याच दिवसांत झोप उडालीय, अंथरूण ओलं होतंय, शाळेला जायला नको म्हणतंय, तेव्हा तर थांबूच नये. अशा वेळीही एक चित्र उचलून आणू नका. वर्षभरातली असतील तेवढी आणा, तारखा आठवत असतील तर मागे लिहून.

रेवाच्या टीचरना मी आईच्या हाती दोन ओळी पाठवल्या होत्या. त्यांचा फोन आला. वर्गात चाळीसच्या वर मुलं, शेरा घाईत लिहिला गेला, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात एकाने रिक्षाला नऊ चाकं काढलीत. तेही हेच का?"

"रिक्षा चालतेय की उभी आहे, ते त्यालाच विचारा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. रिक्षा उभीच होती, गॅरेजमध्ये. सहा चाकं विकायची होती.