२५,००० पाउंड पर अवरचा बॉयलर म्हणजे किती टीपीएच?

तुमचा प्रश्न असा की सेकंडहँड अमेरिकन बॉयलरच्या नेमप्लेटवर २५,००० पाउंड पर अवर लिहिलंय, तर ते टीपीएचमध्ये (टन पर अवर, म्हणजे तासाला किती टन वाफ) किती आणि किलो पर सेकंदमध्ये किती. आकडेमोड सोपीये. १ पाउंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो, हे १९५९ पासून ठरलेलंच आहे, म्हणून २५,००० ला त्याने गुणलं की ११,३४० किलो पर अवर, म्हणजे ११.३४ टीपीएच, आणि ३६०० ने भागलं की ३.१५ किलो पर सेकंद. साइटवर उभ्या उभ्या अंदाज हवा असेल तर निम्मं करा आणि आलेल्या आकड्यातून दहा टक्के वजा करा, १२,५०० मधून १,२५० गेले की ११,२५०, एक टक्क्याचाही फरक पडत नाही.

पण प्लीज एवढ्यावर बॉयलर घेऊ नका. प्लेटवर त्या आकड्याच्या आजूबाजूला 'फ्रॉम अँड ॲट २१२' असं काही आहे का ते आधी बघा, २१२ फॅरनहाइट म्हणजे १०० सेल्सिअस, म्हणून आपल्याकडे त्यालाच एफ अँड ए १०० म्हणतात. त्याचा अर्थ असा की फीडवॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) आधीच १०० डिग्रीला आहे आणि त्याची १०० डिग्रीलाच वाफ होतेय असं धरून तो आकडा दिलाय, म्हणजे किलोमागे फक्त ५३९ किलोकॅलरी लागतात. तुमच्या प्लांटमध्ये तसं नसणार ना. समजा फीडवॉटर ६० डिग्रीला आहे आणि प्रेशर १०.५ किलो (पर चौरस सेंटीमीटर, गेजवर) आहे, तर स्टीम टेबलमध्ये (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात) कोरड्या सॅच्युरेटेड वाफेची, म्हणजे त्या प्रेशरच्या उकळबिंदूलाच असलेल्या वाफेची, एन्थाल्पी (किलोमागे एकूण उष्णता) साधारण ६६४ किलोकॅलरी मिळते, त्यातून पाण्यात आधीच असलेले ६० गेले की ६०४, आणि ५३९ भागिले ६०४ म्हणजे ०.८९, हा झाला फॅक्टर. मग ११.३४ चे हातात येतात १०.१ टीपीएच. सव्वा टन वाफ कागदावरच राहिली! प्रोसेसला ११ टन लागत असतील तर हा बॉयलर पुरणार नाही, आणि विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही, म्हणून हे आधीच विचारायचं.

काही जुन्या प्लेटवर पाउंड नसतातच, बॉयलर हॉर्सपॉवर असते. एक बीएचपी म्हणजे ३४.५ पाउंड पर अवर, म्हणजे १५.६५ किलो, आणि हा आकडा एफ अँड ए वरचाच असतो त्यामुळे वरचा फॅक्टर इथेही लावायचा.

कोळशाच्या फीडरवर टन पर अवर असेल तर कुठला टन ते बघा, अमेरिकन टन ९०७ किलोचा, जुना ब्रिटिश टन १०१६ किलोचा आणि आपला १००० चा. फीड पंपावर गॅलन पर मिनिट असेल तर तो व्हॉल्यूम आहे, वजन नाही, त्याचे आधी लिटर करा (अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६) आणि मग त्या तापमानाच्या पाण्याच्या डेन्सिटीने गुणा.

तुमचं फीडवॉटर किती डिग्रीला असतं, वर्किंग प्रेशर किती आणि वाफ सुपरहीटेड (उकळबिंदूच्याही वर तापवलेली) हवी का, एवढं कमेंटमध्ये टाका, तुमच्या केसचा फॅक्टर काढून देतो.