हजारावर अडकलेली पेन्शन आणि युनियनवरचा आळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामगार होते, ५८ पूर्ण करून २०१९ अखेर सुटले. मधल्या काळात कारखाना बंद पडला, मग भाड्याने गेला. आता पेन्शन महिना १,००० रुपये येते, आणि गावात सगळे म्हणतात की युनियनच्या पुढाऱ्यांनी फंड खाल्ला.

फंड युनियनच्या हातात येतच नाही, त्यामुळे तो तिथे खाल्ला जाणं शक्य नाही. मालक पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यापैकी ८.३३ टक्के थेट ईपीएफओच्या (केंद्राच्या पीएफ संघटनेच्या) पेन्शन फंडात जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. युनियनची चूक आहे, पण ती वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

आधी हिशोब करा. ही पेन्शन ज्या योजनेतून मिळते ती ईपीएस-९५ योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा जून २००१ पासून ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पगार मर्यादेइतका धरला तर २०१४ पर्यंतची १९ वर्षं गुणिले ६,५०० आणि नंतरची ५ गुणिले १५,००० असे १,९८,५०० होतात. त्याला ७० ने भागलं की २,८३६. वीस किंवा जास्त वर्षं सेवा असेल तर दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर.

आता दोष दोन ठिकाणी वाटला जातो. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाला तीन हजारच का, याचं उत्तर दिल्लीत आहे. पगाराची ती मर्यादा १३ वर्षं हलली नाही आणि २०१४ नंतरही तशीच राहिली. किमान पेन्शनही तेव्हापासून हजारच आहे. ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे १० प्रतिनिधी असतात, त्यांनाही हा जाब विचारायला हवा. पण तीन हजारांच्या जागी हजारच का, याचं उत्तर कारखान्याच्या टाइम ऑफिसात (जिथे हजेरी ठेवतात) आणि पीएफ कार्यालयाच्या फायलीत आहे. तुमच्या हातात आहे ते हे दुसरं. तिथे वर्षं गळालेली असतात.

सगळ्यात जास्त वर्षं बिगरहंगामात गळतात. हंगामी कामगाराने वर्षात चार-पाच महिनेच काम केलं तरी ईपीएसमध्ये ते पूर्ण वर्ष धरायचं, असा योजनेतच खुलासा आहे. शिवाय बिगरहंगामात कामगाराला बांधून ठेवण्यासाठी मिळणाऱ्या रिटेनिंग अलाउन्सवरही पीएफ कापायचा असतो. वडिलांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९५२ च्या पीएफ कायद्याच्या कलम ६ मध्ये तो शब्द स्पष्ट आहे. प्रत्यक्षात गाळप थांबलं की त्या महिन्यांचं चलन कोरं जातं, किंवा ते दिवस विनावर्गणीचे म्हणून भरले जातात आणि सेवेतून वजा होतात. पेन्शन मंजुरीच्या आदेशात सेवा ‘१० वर्षं’ किंवा ‘११ वर्षं’ अशी दिसली तर पहिली शंका हीच घ्या.

दुसरी गळती थकबाकीची. पगारपत्रकात कपात दिसते, पासबुकात ते महिनेच नाहीत. इथे बरेच जण ‘कारखान्याने भरलंच नाही तर पेन्शन कुठली’ म्हणून गप्प बसतात. तसं नाही. योजनेत सेवा मोजायची ती वर्गणी ‘मिळालेली किंवा येणे असलेली’ धरून. न भरलेले महिनेही सेवेत येतात, फक्त तुम्ही तिथे कामाला होता हे कागदावर दिसलं पाहिजे. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा तर फौजदारी विश्वासघात आहे, आणि त्याला जबाबदार कारखान्याचा कारभार बघणारे.

वसुलीचा कायदाही कच्चा नाही. त्याच १९५२ च्या कायद्याच्या कलम ७अ खाली थकीत रक्कम ठरते, ७क्यू खाली १२ टक्के व्याज, १४बी खाली दंड. कलम ११ प्रमाणे पीएफचं येणं मालमत्तेवर पहिला बोजा. बँकेकडे गहाण असलेल्या साखरेपेक्षाही ते आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. कारखाना विकला किंवा भाड्याने दिला तरी कलम १७ब प्रमाणे जुना आणि नवा दोघेही बांधील, नव्यावरची मर्यादा फक्त त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी. तरी पैसे खात्यावर येत नाहीत, कारण ७अ चा आदेश बहुतेकदा एकगठ्ठा रकमेचा असतो. वसूल झालेली रक्कमही नाववार यादी नसेल तर कोणाच्याच पासबुकात चढत नाही. हा दोष पीएफ कार्यालयाचा, आणि माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा.

आता युनियन. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलन भरलं का, हे तिने विचारायला हवं होतं. भाडेकरार होताना ‘मागील देण्यांबाबत तक्रार नाही’ अशा तडजोडीवर सही झाली असेल तर ती मोठी चूक. मात्र त्या सहीने पीएफचं येणं माफ होत नाही, ते माफ करायचा अधिकार युनियनला नाहीच.

तुम्ही आधी पेन्शन मंजुरीचा आदेश आणि यूएएनचं (पीएफच्या कायम क्रमांकाचं) पासबुक शेजारी ठेवून गळालेली वर्षं लिहून काढा. मध्ये कधी फॉर्म १०सी भरून पेन्शनची रक्कम उचलली होती का, हे वडिलांना विचारा. उचलली असेल तर तेवढी सेवा गेली. मग पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी आणि त्या वर्षांचे फॉर्म ३अ (कामगाराच्या वर्षभराच्या पीएफ वर्गणीचा तक्ता) गोळा करा. हजेरी मस्टर भाडेकरूच्या ताब्यात गेलं असेल तर रद्दीत जाण्याआधी त्याची नक्कल लेखी मागा. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: ७अ चा आदेश, वसुलीचा दाखला आणि जमा रकमेची नाववार विभागणी. प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं, म्हणजे दूरचं पीएफ कार्यालय गाठायची गरज नाही. अर्जात ‘पेन्शन वाढवा’ असं लिहू नका. ‘हंगामी सेवेची अमुक वर्षं धरून पेन्शन पुन्हा निश्चित करा’ असं लिहा आणि पोच शिक्क्यासह घ्या.