खाडाखोड नसलेली वही

प्रश्न : पोरगा नववीत आहे. ऐंशी टक्के पडले तर मोबाईल घेऊन देतो म्हटलं, तरी पुस्तकाले हात लावत नाही. रागावलं की डोळ्यांत पाणी. काय करावं? (शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, मोबाईलची बोली आधी बंद करा. १९७३ साली अमेरिकेत चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांकडे वळली. आमिषानं होती ती गोडीही गेली.

तुमच्या मुलाचं दुखणं मला वेगळं वाटतं. रागावल्यावर रडणाऱ्या लेकराला बहुधा शिकायचं असतं, पण जमत नसतं. आज संध्याकाळी त्याच्या गणिताच्या वह्या घेऊन बसा. नववीची, मग आठवीची, सातवीची. स्वतः सोडवलेलं शेवटचं गणित कुठं आहे? मी पाहिलेल्या कितीतरी वह्यांत ते अपूर्णांकापाशी सापडलं. त्यापुढचं सगळं फळ्यावरून उतरवलेलं, अक्षर टापटीप, खाडाखोड एकही नाही. अशी वही हाती आली की माझ्या पोटात कालवतं. जिथं गाडी अडली तिथूनच सुरू करा, मग ते सहावीचं पुस्तक का असेना. रोज तीन गणितं, जास्त नाही. उत्तर आपल्या हातानं बरोबर आलं की चौथं तो स्वतः मागेल. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, जवळ बसा.

प्रश्न : मी दहावीत आहे. कापूस वेचणीत शाळा बुडते. परत गेलं की काहीच समजत नाही. आता शाळेत जावंसंच वाटत नाही. (विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बाळा, दिवसभर वाकून कापूस वेचणारी मुलगी आळशी नसते. मधले धडे सुटलेत, म्हणून मन उडालंय. सध्या गणिताचा एकच धडा धर, भूमितीतली समरूपता. रात्री प्रमेय वाच, दुसऱ्या दिवशी वेचताना मनात म्हण. जिथं अडशील तेवढंच संध्याकाळी उघडून बघ. २००६ च्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं.

हे आईबाबांना वाचून दाखव : मजुरी किती महाग झाली आहे ते मला ठाऊक आहे. पण सलग आठवडा बुडवू नका, निदान एक दिवसाआड तरी तिला शाळेत पाठवा.

प्रश्न : मुलगी आठवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवावी का? नाही मिळाली तर खचेल. (आई, अमरावती जिल्हा)

उत्तर : बसवाच, ताई. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फक्त “तू हुशार आहेस, तुला मिळणारच” असं म्हणू नका. हुशारीचं कौतुक झालेली मुलं एकदा अवघड प्रश्नांत चुकली की पुढच्या सोप्या प्रश्नांतही मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली सावरली, असं १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरच्या प्रयोगात दिसलं. सरावात चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा सोडवू द्या, आणि सुटला की तो कसा सोडवलास ते विचारा.