मुलगा आठवीत, भजनात छान गातो. संगीताच्या खास शाळेत घालू का?

मुलगा तेरा वर्षांचा, गणपतीत भजनाला बसला की सगळी वाडी ऐकत राहते, बुवाही म्हणतात ‘गळा आहे’. त्याला पुण्या-मुंबईत गाणं शिकायला ठेवावं की बारावीपर्यंत सावंतवाडीतच राहू द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी कुडाळात बावीस वर्षं गाणं शिकवते. माझं मत असं की आत्ता त्याला घराबाहेर काढू नका, पण बारावीची वाटही बघत बसू नका.

सगळ्यात आधी त्याचा आवाज सांभाळा. हे वय आवाज फुटण्याचं. काल काळी चारमध्ये (पेटीच्या उंच पट्टीत) लीलया गाणारा पोरगा सहा महिन्यांत काळी एकवर, म्हणजे खालच्या पट्टीवर येतो, मधले सूर लागेनासे होतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे गणपती, सप्ते, डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), आणि उंच पट्टीत रात्र रात्र गाणं. माझ्याकडचे दोन सुंदर गळे असे बसले, ते मला अजून विसरता येत नाहीत. म्हणून पट्टी उतरवा, तार सप्तक म्हणजे वरचे सूर सध्या बंद. सकाळी वीस मिनिटं मंद्रात (खालच्या सप्तकात) हळू आवाजात खर्ज, म्हणजे खालचे सूर लांब धरायचे, घसा दुखला की थांबायचं. भजनातून मात्र त्याला काढू नका, त्याची लय तिथेच पक्की झाली आहे. वर्षभर पेटी किंवा तबला वाजवू दे, कोरसला हलका सूर धरू दे.

आता खास शाळेबद्दल. इंग्लंडात सरे परगण्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी 1963 साली काढलेली शाळा आहे. वादन ऐकून मुलं निवडतात, बहुतेक मुलं तिथेच राहतात, आणि रियाझ शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात नाही, वेळापत्रकातच असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी शाळा माझ्या पाहण्यात नाही. पण अशा शाळेत मुलाला मिळतं काय? रियाझाचा राखीव वेळ, रोज ऐकणारा गुरू आणि बरोबरीची गाणारी मुलं. पहिल्या दोन गोष्टी घरी जमवता येतात. मुख्याध्यापकांना भेटून रियाझासाठी शाळेचा शेवटचा तास मोकळा मागा, ट्यूशन एकच ठेवा. गुरू आठवड्यातून दोनदा समोर बसवून ऐकणारा हवा. बरोबरीची मुलं मिळणं सगळ्यात अवघड. सावंतवाडीहून पणजी रत्नागिरीपेक्षा जवळ. तिथली कला अकादमी संगीताचे रीतसर वर्ग चालवते, एकदा जाऊन बघा. जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्यात संगीत महोत्सव होतो, तिथे न्या. मोठ्या गवयाला समोर बसून ऐकलं की पोराच्या डोक्यात कायतरी हलतं, ते मोबाइलवर ऐकून होत नाही.

परीक्षांचं मी अनुभवाने सांगते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतची पायरी चांगली आहे. पण मी दहावीत असताना त्यातली ‘मध्यमा पूर्ण’ ही मधली परीक्षा पास झाले, आणि पुण्यात एका ज्येष्ठ गायकांसमोर बसले तेव्हा त्यांनी नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, लावायला सांगितला. तो मला स्थिर धरता येईना. पाठ केलेल्या ताना तशाच राहिल्या. पुढे दोन वर्षं मी फक्त यमन हा एकच राग गायले. तेव्हा दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षांमागून परीक्षा देऊ नका.

एका गोष्टीची मात्र घाई करा. केंद्र सरकारची सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र) ही संस्था 1982 पासून कलेसाठी शिष्यवृत्ती देते आणि त्यासाठी वय 10 ते 14 लागतं. तुमच्या मुलाची ही शेवटची संधी असू शकते, यंदाच अर्ज भरा. नववीत गेला की शाळेतून ‘कला उत्सवा’त, म्हणजे शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय कलास्पर्धेत, नाव द्या, तो नववी ते बारावीसाठीच आहे.

बारावीनंतर मात्र मागे ओढू नका. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीने संगीतातली पदवी देतं. तोवर आवाज स्थिरावलेला असेल, आणि त्याला हेच करायचंय की नाही हे त्याचं त्यालाही कळलं असेल.

त्याची पट्टी सध्या कुठली, आणि गेल्या सहा महिन्यांत उतरली का, तेवढं लिहा. खर्ज कुठून लावायचा ते मग सांगते.