आयर्लंडच्या छोट्या गावात दोघांनी यायचं म्हणताय तर

तुम्ही विचारलंय की रॉसकॉमनजवळ नोकरीची ऑफर आलीये, सोबत तुमचा पार्टनर येणार, तो शिक्षक आहे, आणि २०१५ च्या समलिंगी लग्नाच्या सार्वमतात अख्ख्या देशात नाही म्हणणारा एकच मतदारसंघ होता तो नेमका हाच, तर इथं राहणं जमेल का. मी तेव्हापासून ह्याच भागात राहतोय म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो, बिनधास्त या.

रॉसकॉमन-साऊथ लीट्रिम असं त्या मतदारसंघाचं नाव, विरोधात मतं पडली ५१.४ टक्के. लोक हा आकडा वाचून घाबरतात पण उलट बाजूनं बघा ना, साधारण निम्म्या लोकांनी हो म्हटलं होतं, आणि तेही शेती करणारी, रविवारी चर्चला जाणारी माणसं. देशभरात ६२ टक्के होकार होता, ४३ पैकी ४२ मतदारसंघ बाजूनं. हा देश काही क्रांतिकारक वगैरे नाही, कायम मधल्या वाटेनं जाणारा, १९९३ पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा होता आणि घटस्फोटाचं सार्वमत १९९५ ला अगदी काठावर पास झालं. त्याच २०१५ च्या दिवशी राष्ट्राध्यक्षाचं किमान वय ३५ वरून २१ करायचं का असाही प्रश्न होता, तो लोकांनी साफ फेटाळला. म्हणजे समोर आलं ते सगळं मान्य केलं असं झालं नाही, एकेक प्रश्न वेगळा बघितला.

मला मतदानाचा हक्क नव्हता तेव्हा, नागरिकत्व नव्हतं, पण बघत होतो. खांबाखांबावर दोन्ही बाजूंची पोस्टर, मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत अशी विरोधातली, आणि संध्याकाळी दारोदार फिरणारी पोरंपोरी. मला वाटतं खरं काम त्या दारांवर झालं. शेजाऱ्याचा मुलगाच दारात उभा राहून सांगतोय की हे माझ्याबद्दल आहे, त्याला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असेल विचार करा. परदेशी राहणाऱ्यांना पोस्टानं मत देता येत नाही म्हणून कितीतरी आयरिश लोक विमानानं, बोटीनं फक्त मत द्यायला घरी आले. निकालानंतर डब्लिनचे आर्चबिशप म्हणाले की चर्चनं आता वास्तव तपासून बघायला हवं, आणि व्हॅटिकनमधून मात्र हा मानवतेचा पराभव आहे असं आलं. इथल्या लोकांना कुठलं जास्त पटलं ते मला आजूबाजूला दिसत होतं.

आणि पुढे काय झालं म्हणाल तर, फार काही झालंच नाही. नोव्हेंबरपासून लग्नं लागायला लागली आणि विषय संपला. आमच्या रस्त्यावर एका शेतकऱ्यानं फाटकाला विरोधाचं पोस्टर लावलं होतं, दोन वर्षांनी पलीकडचं घर दोन बायकांनी घेतलं, लग्न झालेल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बर्फानं सगळं बंद पडलं तेव्हा ह्याच माणसानं ट्रॅक्टर आणून त्यांची वाट मोकळी केली. त्याचं मत बदललं का? बहुतेक नाही. पण इथं मत एका जागी आणि शेजारधर्म दुसऱ्या जागी, आणि रोजच्या जगण्यात तुमचा संबंध शेजारधर्माशी येणार. २०१८ लाच गर्भपाताच्या सार्वमतात ह्याच भागानं ५७ टक्के होकार दिला हेही लक्षात ठेवा. आणि लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, त्यांनी जानेवारी २०१५ मध्ये रेडिओवर आपण गे आहोत हे सांगितलं आणि २०१७ ला ते पंतप्रधान झाले.

सगळं गोड आहे असं मात्र सांगणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये स्लायगोत, इथून फार लांब नाही, दोन पुरुषांचे खून झाले, मारेकरी डेटिंग ॲपवरून त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यानंतर गावोगावी लोक मेणबत्त्या घेऊन जमले, पण ॲपवर भेटताना जपा हे मी तुम्हाला निक्षून सांगतो. दुसरं म्हणजे रंगावरून त्रास व्हायची शक्यता मला नात्यावरून होण्यापेक्षा जास्त वाटते, २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले ते तुम्ही वाचलं असेलच. आणि तिसरं, हे लिहितानाही वाईट वाटतं, पण वाकडे प्रश्न आपल्याच माणसांकडून जास्त येतील. गणपतीला बोलावतील आणि "रूममेट का?" विचारतील. काय उत्तर द्यायचं ते दोघांनी आधीच ठरवून या, पण लपवू नका असं माझं मनापासून म्हणणं आहे.

पार्टनरच्या नोकरीचं. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत आणि पूर्वी धार्मिक संस्थांना कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कायद्यात एक पळवाट होती, तिच्या भीतीनं शिक्षक गप्प बसायचे. डिसेंबर २०१५ मध्ये ती बदलली, आता समलिंगी आहे म्हणून शिक्षकाला नोकरीवरून काढता येत नाही. अडचण येईल ती भाषेची, प्राथमिकला आयरिश भाषा लागते, माध्यमिकला सहसा नाही, त्यामुळे त्यांनी माध्यमिकचं बघावं.

आता कागद, आणि ह्यात ढिलाई नको. भारतात तुमचं लग्न लागू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता नाकारली, त्यामुळे विवाहाचा दाखला नसेल आणि पार्टनरला सोबत आणायला एकत्र राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतील, साधारण दोन वर्षांचे. भाडेकरार दोघांच्या नावावर, जॉइंट अकाउंट, एकाच पत्त्यावरची बिलं. घरमालक दोन नावं घालायला कुरकुर करतात माहितीये, तरी मागे लागून घ्या. इथं आल्यावर लग्न करायचं असेल तर रजिस्ट्रारला तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, तेवढा वेळ धरून चला. तुमचं क्रिटिकल स्किल्स परमिट (इथं माणसं कमी पडतात अशा कुशल कामांसाठीचा परवाना) असेल तर पार्टनरला वेगळ्या परमिटशिवाय काम करता येतं. तुमच्या ऑफरमध्ये कुठलं परमिट लिहिलंय आणि किती वर्षं एकत्र राहताय ते कळवा, मग कुठले कागद आधी जमवायचे ते सांगतो.