ज्यू धर्मशास्त्रानुसार एकाचे धार्मिक कर्तव्य दुसऱ्याने पार पाडलेले चालते का?

काही कर्तव्यांत चालते, कारण जो लक्षपूर्वक ऐकतो त्याने ते स्वतःच म्हटले असे धरले जाते. शुक्रवारी रात्री घरातील एक जण द्राक्षरसाचा पेला हातात धरून शब्बाथचे (साप्ताहिक विश्रांतिदिनाचे) किद्दुश, म्हणजे त्या दिवसाचे पावित्र्य सांगणारे आशीर्वचन, म्हणतो, बाकीचे ऐकून शेवटी 'आमेन' म्हणतात आणि सर्वांचेच कर्तव्य पूर्ण होते. बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत हा पेला पुष्कळदा काळ्या मनुकांच्या सरबताचा असतो. मात्र म्हणणाऱ्याच्या मनात इतरांच्या वतीने म्हणण्याचा आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून आपले कर्तव्य फेडण्याचा हेतू असावा लागतो. शिवाय मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमसंग्रहाच्या 'रोश हशाना' या भागानुसार, ज्याच्यावर ते कर्तव्यच नाही त्याला, उदाहरणार्थ लहान मुलाला, ते प्रौढांच्या वतीने पार पाडता येत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा नियम: ज्याचे स्वतःचे किद्दुश आधीच झाले आहे, तोही ते म्हणता न येणाऱ्या शेजाऱ्यासाठी पुन्हा म्हणू शकतो, कारण सर्व ज्यू एकमेकांना जामीन मानले जातात. एरवीच्या खाण्यापिण्याआधीच्या आशीर्वचनाला ही मुभा नाही. तिथे म्हणणाऱ्यानेही खाल्लेच पाहिजे. तेफिलिन (धर्मवचने ठेवलेल्या चामडी डब्या) अंगावर बांधणे किंवा पेसाहला (वल्हांडण सणाला) मात्झा (बेखमीर भाकरी) खाणे, अशी देहाने करायची कर्तव्ये तर ज्याची त्यानेच करायची असतात.