नाशिकमध्ये चिपमंकची जोडी पाळायची आहे, पिंजरा आणि खाणं कसं ठेवू?

पिंजऱ्याचं नंतर बघू. "गावाकडून आणलेली चिपमंकची जोडी दीड हजारात देतो" असं तो विकणारा माणूस तुम्हाला म्हणाला ना? त्यातलं 'गावाकडून' मला खटकलं. चिपमंक, म्हणजे खारीच्याच कुळातला छोटा पट्टेवाला प्राणी, आपल्या कुठल्याच गावाकडे नसतो. त्याच्या एक सोडून सगळ्या जाती उत्तर अमेरिकेतल्या. उरलेली एक सायबेरिया, कोरिया भागातली, आणि पाळायला विकतात ती बहुतेक तीच.

पैसे देण्याआधी समोरून आणि पाठीवरून असे दोन फोटो मागवा. चिपमंकच्या डोळ्यांजवळून पट्टे गेलेले असतात, पाठीवर पाच काळे पट्टे असतात आणि दाणे भरले की गाल टम्म फुगतात. तोंड साधं करडं आणि पाठीवर फिक्कट पट्टे असतील तर ती आपली खार. पंचवटीत कोणीही सांगेल की रामाने तीन बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे. आमच्या गंगापूर रोडच्या अंगणातल्या खारींचे मी पाच मोजलेत, कडेचे दोन पुसट. खार निघाली तर घेऊ नका, वनविभागाला १९२६ वर कळवा.

एवढं ठासून सांगतोय कारण खार आमच्या घरात राहून गेलीय. डिसेंबरात शेजाऱ्यांनी आंब्याची फांदी तोडली आणि दोन पिल्लं खाली पडली, डोळेही न उघडलेली. आईने मायेपोटी कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. एक रात्रीतच गेलं. दूध फुप्फुसात गेलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला नीट शिकवलं: गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, दूध नंतर. (आपल्याकडची डिसेंबरातली पहाट तुम्हाला माहीतच आहे. मी मोज्यात गरम पाण्याची बाटली घालून ठेवायचो.) गाईचं दूध बंद, कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर सुरू. सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने, पिल्लू उताणं न करता, थेंब थेंब. आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालून पुसायचं, नाहीतर ते शू करत नाही. रात्रीसुद्धा. महिनाभर मी ऑफिसात पेंगत होतो.

वाचलेलं पिल्लू मोठं झालं आणि पडदे, चार्जर, माझं बोट, जे सापडेल ते कुरतडायला लागलं. शेवटी पिंजरा त्याच आंब्याला टांगून दार उघडं ठेवलं. आठवडाभर रात्री परत यायची, मग यायची थांबली.

आता खरोखरच चिपमंक निघाला तर. पहिली गोष्ट, जोडी नको. हा एकटा राहणारा प्राणी आहे, एका पिंजऱ्यात दोघं भांडून रक्त काढतात. पिंजरा लोखंडी जाळीचा, उंच, आत लाकडी घरटं आणि खाली बीळ खणता येईल एवढा जाड थर. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून चावायला फांद्या हव्यातच. नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात. धान्य, भाज्या, थोडं फळ, अधूनमधून उकडलेलं अंडं द्या. शेपटीला धरून कधीही उचलू नका, कातडी सोलून हातात येते. थंडीच्या तोंडावर तो दाण्यांचा साठा करतो, तेव्हा त्यात हात घातलात तर चावणारच. थंड देशातला जीव असल्याने आपला एप्रिल-मे त्याला जड जाणार, पत्र्याखालची गॅलरी तर विसराच.

आणि कंटाळा आला म्हणून गोदाकाठी सोडून देऊ, असं चालत नाही. युरोपात लोकांनी तसंच केलं, बेल्जियम-फ्रान्सच्या जंगलात ते पसरले, आणि २०१६ पासून युरोपीय संघात या जातीच्या विक्रीवर बंदी आहे.

फोटो आले की इथेच टाका, तोंड आणि पट्टे बघून सांगतो.